फिशर-डीस्काऊंनी व्हर्डी गायला नको होता का?

खर्ज
जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काऊ (१९२५-२०१२) लीड आणि ऑपेरा या दोन्ही प्रांतांत सारखेच थोर होते, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. लीडमध्ये, म्हणजे पियानोच्या साथीनं गायच्या जर्मन कवितांमध्ये, त्यांच्या तोडीचा गायक मला दिसत नाही. पियानोवादक गेराल्ड मूर यांच्या साथीनं १९६६ ते १९७२ दरम्यान त्यांनी संगीतकार शूबर्टची ४०० हून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. इटालियन ऑपेराकार व्हर्डीच्या मोठ्या भूमिका मात्र त्यांनी घ्यायला नको होत्या.

कारण आवाजाच्या जातीत आहे. त्यांचा बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मधल्या पट्टीचा आवाज, हलका होता. व्हर्डीचा बॅरिटोन पियानोच्या मधल्या सी या सुराच्या वर, डी ते एफ या सुरांच्या टापूत मुक्काम ठोकतो आणि वेळ आली की जीपर्यंत चढतो. आवाज छातीतून डोक्याकडे वळतो तो नेमका इथेच. तिथे लांब, अखंड, भरीव सूर लागतो. फिशर-डीस्काऊ जोर लावताना व्यंजनांवर आघात करतात आणि ओळ तुटते. वाद्यवृंद-संचालक कुबेलिक यांनी १९६४ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाच्या ताफ्यासह मुद्रित केलेल्या व्हर्डीच्या 'रिगोलेत्तो'मध्ये, मुलीला पळवणाऱ्या दरबाऱ्यांवर तुटून पडणारं गाणं ऐका. संतापाचा पहिला भाग अंगावर येतो. पुढे बाप गयावया करू लागतो, चेलो सलग वाहत असतो आणि गळ्यानंही तसंच वाहायला हवं. तिथे शब्दाशब्दावर वजन पडतं.

मंद्र
खर्ज, तुम्ही झाडाचं मूळच कापताय! नोव्हेंबर १९४८ मध्ये बर्लिनच्या श्टेटिशे ओपरमध्ये वाद्यवृंद-संचालक फेरेंत्स फ्रिचाय यांनी या तेवीस वर्षांच्या गायकाला पहिली मोठी भूमिका दिली, ती व्हर्डीच्याच 'डॉन कार्लोस'मधल्या पोझाची. त्याच वर्षी जानेवारीत बर्लिनच्या रिआस रेडिओसाठी फिशर-डीस्काऊंनी 'विंटरराइजं' ही शूबर्टची गाण्यांची माळ मुद्रित केली होती. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वर्षी सुरू झाल्या.

तेव्हा जर्मन नाट्यगृहांत व्हर्डी जर्मनमध्येच गायला जाई. जर्मन शब्दांत व्यंजनांचे गुच्छ असतात, इटालियनमध्ये बहुतेक शब्द स्वरानं संपतात. त्या ओळींची सवय आधी जर्मनमध्ये पडली, तर इटालियन गातानाही उच्चार पुढे येणार. तुमची तक्रार खरी असली, तरी त्याचं खापर आवाजाच्या वजनावर फोडू नका.

आणि व्हर्डी म्हणजे सगळा ऑपेरा नव्हे. वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव भरतो त्या बायरॉइटला १९५४ पासून त्यांनी 'टानहॉयझर'मधला वोल्फराम गायला. हार्प आणि तंतुवाद्यांच्या मंद साथीवर संध्यातारकेला उद्देशून गायलेलं ते गाणं जवळपास लीडच आहे. १९६३ मध्ये म्युनिकचं नॅशनल थिएटर पुन्हा उघडलं, तेव्हाचा त्यांचा, रिचर्ड स्ट्राउसच्या 'डी फ्राउ ओने शाटेन' या ऑपेरातला बाराक ऐका. स्ट्राउसचा जाड वाद्यवृंद असूनही माणसाचा चांगुलपणा ऐकू येतो.

पडद्यामागे
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय. आपण बहुतेक रेकॉर्डवर बोलतोय. मोठ्या वाद्यवृंदाची सर्वाधिक ताकद ५०० हर्ट्झच्या आसपास असते. कसलेल्या गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झजवळ एक उंचवटा तयार होतो, त्यामुळे तो वाद्यांवरून पलीकडे जातो. आवाज खूप हळुवार केला की हा उंचवटा मावळतो. माइक जवळ असेल तर बिघडत नाही, शेवटच्या रांगेत मात्र फरक पडतो. संचालक कारायान यांच्या १९६७ च्या मुद्रणातला, वाग्नरच्या 'राइनगोल्ड'मधला त्यांचा वोटान (देवांचा राजा) विचारी, धूर्त, बारकाईनं रंगवलेला आहे. तो समतोल स्टुडिओत साधता येतो. त्याच मालिकेतल्या पुढच्या 'वालक्यूरं' या ऑपेराचा वोटान त्यांनी घेतलाच नाही, आणि हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय होता.

खर्ज
हेच तर म्हणतोय. वोटानच्या बाबतीत त्यांना मर्यादा कळली, व्हर्डीच्या मॅकबेथच्या बाबतीत नाही. मंद्र, वोल्फराम मला पूर्ण मान्य. पण ती भूमिका चालते, कारण ती लीडच आहे, हे तुम्हीच लिहिलंय.

हिवाळवाट
मुद्दा उलटा धरून बघा. ऑपेरा नसता तर त्यांचं लीड असं झालंच नसतं. शूबर्टच्या 'एर्लक्योनिग' या गाण्यात निवेदक, बाप, मुलगा आणि भुताचा राजा असे चौघे आहेत. विद्यार्थी चौघांसाठी चार सोंगं काढतात आणि फसतात. भुताच्या ओळी शूबर्टनं अगदी हळू लिहिल्यात, त्या जोरात गायल्या की लालूचच उरत नाही. मुलाची 'माइन फाटर' ही हाक तीनदा येते, दर वेळी वरच्या सुरावरून. पहिल्याच हाकेत सगळा दम खर्च केला तर तिसरी नुसती किंचाळी होते. खालून पियानोच्या उजव्या हाताचे तिहेरी ठोके जवळपास शेवटपर्यंत चालू असतात, त्यामुळे श्वासाला उसंत नसते. फिशर-डीस्काऊ आवाजाची जात बदलत नाहीत. स्वरांचा रंग आणि शब्दांची धार तेवढी बदलतात. तीन तासांच्या भूमिकेत ताकद कुठे राखायची, हे रंगमंच शिकवतो.

'विंटरराइजं'चंही तसंच. २४ गाणी, सव्वा तासाच्या आसपास, मध्यंतर नाही. पहिलं गाणं मुळात डी मायनर या पट्टीत आहे, बॅरिटोन साधारणपणे एक स्वर खाली सी मायनरमध्ये गातात. त्याहून फार खाली नेलं तर पियानोचा डावा हात गढूळ होतो आणि चालीची पावलं जड पडतात. प्रत्येक गाणं सोयीनुसार वेगवेगळ्या अंतरानं खाली आणलं, तर गाण्यांमधलं पट्ट्यांचं नातंही बिघडतं.

निःश्वास
इतकी आखणी हाच मला दोष वाटतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९७२ मध्ये हेच लिहिलं होतं: श्वास, उच्चार, भावना सगळं बिनचूक, पण गळ्यातलं शरीर ऐकू येत नाही. त्यांनी तुलनेला गायक शार्ल पाँझेरांना घेतलं. मी गायक हान्स हॉटर यांचं १९५४ चं मूर यांच्यासोबतचं 'विंटरराइजं' घेईन. काही सूर डळमळतात, पण माणूस थकलाय हे सांगावं लागत नाही.

मंद्र
निःश्वास, त्यांचं १९८५ चं, पियानोवादक ब्रेंडल यांच्यासोबतचं 'विंटरराइजं'चं मुद्रण ऐका. साठीच्या उंबरठ्यावरचा आवाज आहे. वरचे सूर कोरडे झालेत आणि त्यांनी ते लपवलेले नाहीत. १९७१ चं मूर यांच्याबरोबरचं ऐकून बार्त यांच्याशी सहमत होणं सोपं आहे, ब्रेंडलनंतर अवघड.

आणि खर्ज, संगीतकार आरिबेर्ट राइमान यांच्या 'लिअर' या ऑपेराचं काय? विषय त्यांनीच सुचवला, भूमिका त्यांच्याच गळ्यासाठी लिहिली गेली, ९ जुलै १९७८ ला म्युनिकमध्ये पहिला प्रयोग झाला. नुसत्या लीडगायकाच्या गळ्यासाठी कोणी लिअर लिहिला असता का? ३१ डिसेंबर १९९२ ला त्यांनी निरोप घेतला, तोही 'फाल्स्टाफ' या ऑपेराच्या शेवटच्या फ्यूगनं, म्हणजे एकच धून आळीपाळीनं उचलणाऱ्या समूहगानानं. शेवटही व्हर्डीच.

खर्ज
'लिअर'वर माझा आक्षेप नाही. तिथे ओळ तुटणं हाच भूमिकेचा स्वभाव आहे. फ्यूगमध्ये मात्र सगळी पात्रं एकत्र गातात, सूर एकट्यानं पेलावा लागत नाही. त्यावरून रिगोलेत्तो सिद्ध होत नाही. १९६५ चा संचालक सोल्टी यांचा इटालियन 'डॉन कार्लो' काढा, पोझाच्या मृत्यूचा प्रसंग लावा. तिथला लांब श्वास तुम्हाला अखंड वाटतो का, तेवढं सांगा.