स्मार्ट चाचण्यांचे वेळापत्रक इंटरफेसमधून काढणे योग्य आहे का?

रात्रपाळी
ट्रूनॅस या साठवण सर्व्हरच्या प्रणालीच्या २५.१० या आवृत्तीत डिस्कच्या स्मार्ट चाचण्यांचे (स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःची तब्येत तपासून नोंदवण्याची यंत्रणा) वेळापत्रक लावण्याची सोय इंटरफेसमधून काढून टाकली असून, आधी लावलेल्या चाचण्या अपग्रेडच्या वेळी क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीच्या, कामांत रूपांतरित होतात. अधिक तपशील हवा असेल त्यांनी स्मार्टची माहिती दाखवणारे स्क्रुटिनीसारखे ॲप बसवावे, अशी अपेक्षा आहे. मला हा बदल पटलेला नाही. लाँग टेस्टची, म्हणजे डिस्कचा सगळा पृष्ठभाग वाचून पाहणाऱ्या चाचणीची, आज्ञा चाचणी सुरू करून लगेच बाहेर पडते. प्रत्यक्ष चाचणी डिस्कचे फर्मवेअर (तिच्या आतले सॉफ्टवेअर) पुढे कित्येक तास करत राहते आणि निकाल डिस्कमधल्याच लॉगमध्ये लिहिते. त्यामुळे क्रॉनने काम यशस्वी झाल्याचे नोंदवले, तरी त्यातून आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचली एवढेच कळते. आज्ञेत ठरावीक डिस्कचे नाव असेल, तर बिघडलेल्या डिस्कच्या जागी बसवलेली नवी डिस्क चाचणीविना राहू शकते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कोणत्या डिस्कची चाचणी कधी झाली आणि निकाल काय लागला, हे जबाबदार माणसाला एका पडद्यावर दिसायलाच हवे.

हेक्सडंप
आपला आक्षेप पडद्याबद्दल आहे, देखरेखीबद्दल नाही. डिस्कच्या आरोग्यावर पार्श्वभूमीत लक्ष ठेवणे आणि इशारे देणे त्या आवृत्तीतही सुरूच आहे. मुळात स्मार्टवर एवढी भिस्त ठेवण्याजोगे त्यात आहे काय? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार प्रमुख स्मार्ट निदर्शकांपैकी एकाचीही नोंद नव्हती. हिरवा शेरा पाहून निर्धास्त होणाऱ्या प्रशासकांची मला अधिक काळजी वाटते. शिवाय साटा जोडणीच्या डिस्कची स्मार्ट गुणधर्मांची यादी एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीच्या डिस्कना लागूच होत नाही. तिथला हेल्थ लॉग वेगळा आहे. विदा शाबूत आहे की नाही, हे शेवटी फाइल सिस्टिमचा चेकसमच (विदेवरून काढलेला पडताळणीचा आकडा) सांगतो. ट्रूनॅसच्या झेडएफएस या फाइल सिस्टिमचा स्क्रब, म्हणजे साठवलेली विदा वाचून चेकसमशी ताडणारी तपासणी, नियमित चालवावा, दोषी डिस्क बदलावी आणि बॅकअप तपासावा.

रात्रपाळी
त्याच शोधनिबंधात असेही नोंदवले आहे की, पहिली स्कॅन एरर (पृष्ठभाग तपासताना डिस्कला आढळलेली चूक) दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. म्हणजे स्मार्टच्या मौनावर विसंबू नये हे खरे, पण ते बोलले तर ऐकलेच पाहिजे. राहिला स्क्रब. तो फक्त विदा असलेले ब्लॉक वाचतो, रिकामी जागा वाचत नाही. अर्ध्या भरलेल्या पूलमध्ये (डिस्क एकत्र करून केलेल्या साठ्यात) उरलेल्या पृष्ठभागावरचे खराब सेक्टर लाँग टेस्टमध्ये सापडतात. स्क्रबला ते आहेत हेच माहीत नसते.

पॅरिटी
चेकसमवरचा विश्वासही थोडा आवरता घ्यावा, असे मी सुचवेन. झेडएफएसच्या ओपनझेडएफएस या मुक्तस्रोत रूपाची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये ब्लॉक क्लोनिंग (विदा पुन्हा न लिहिता फाइलची प्रत करण्याची सोय) घेऊन आली आणि काही आठवड्यांतच कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्ये भरली जात असल्याचे उघड झाले. आधी संशय नव्या सोयीवर गेला आणि २.२.१ मध्ये ती बंद करण्यात आली. पण मूळ दोष त्याहून बराच जुना निघाला आणि २.२.२ मध्ये दुरुस्त झाला. चुकीची शून्ये लिहिल्यावर चेकसमही त्या शून्यांवरच काढला जातो, त्यामुळे स्क्रबच्या दृष्टीने सारे आलबेल होते. (डिस्क बिचारी पूर्णपणे निर्दोष होती.) म्हणूनच मला इंटरफेसपेक्षा पूल अपग्रेडची, म्हणजे पूलवर नव्या आवृत्तीची फीचर्स चालू करण्याची, चिंता वाटते. नवी आवृत्ती नकोशी झाली, तर आधीच्या बूट एन्व्हायर्नमेंटवर (जपून ठेवलेल्या जुन्या प्रणालीवर) परतता येते. परंतु पूलवर एखादे नवे फीचर सक्रिय झाले आणि जुन्या आवृत्तीला ते कळत नसेल, तर ती पूल लिहिण्यासाठी उघडूच शकत नाही, आणि काही फीचर्सच्या बाबतीत तर वाचण्यासाठीही नाही.

हेक्सडंप
पूल अपग्रेडबद्दल सहमत. ते बटण नवी आवृत्ती स्थिरावेपर्यंत दाबूच नये. रिकाम्या पृष्ठभागाचा मुद्दाही मान्य आहे, मात्र तिथल्या खराब सेक्टरने आज कोणाचीही फाइल बिघडत नाही. उद्या तिथे लिहिले गेले, तर डिस्क सहसा राखीव सेक्टर वापरते.

रात्रपाळी
राखीव सेक्टर संपत आलेली डिस्क मला रीसिल्व्हर (बदललेल्या डिस्कवर विदा पुन्हा उभारण्याचे काम) चालू असताना ओळखायची नाही. अन्य डिस्कवर सर्वाधिक ताण येतो तो त्याच वेळी, आणि एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या रेडझेड१ या रचनेमध्ये तेव्हा आणखी एक डिस्क गेली की पूल गेला.