सल्ला हवा: गिटच्या यादीचं रूप बदललंय, रिव्ह्यू कसा करू? (वेळ २ तास, बजेट शून्य)

टिळकवाडीची
आमच्याकडे गिटवर (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम) बसवलेलं छोटं टूल आहे. उद्यमबागेतल्या एका गिऱ्हाइकाच्या कुठल्या ड्रॉइंग फायली बदलल्या त्याची यादी दाखवतं. नावं मराठी, कन्नड, इंग्रजी, कशीही. नव्या पोरानं यादी रंगीत करून रकान्यांत बसवलीय. कोडमध्ये ४०० ओळींचा बदल, घ्यायचा की परत पाठवायचा ते ६ वाजता सांगायचंय. काय काय तपासू?

खानापूरवाला
रंग पहिला बघ. टर्मिनलवर (कमांड टाइप करायची खिडकी) झकास दिसतोय, खरं आउटपुट फाईलमध्ये वळवलं की रंगाचे कोडपण आत जातात. आमची बिलाची स्क्रिप्ट असंच गिळून बसली, दोन दिवस हुडकत होतो. गिटचं रंगाचं सेटिंग ऑटोवर असलं की समोर टर्मिनल आहे का बघून मगच रंग देतं. तुमचं टूल देतंय काय?

कॅम्पातला काका
४०० ओळी? २७ इंची मॉनिटर घे. माझा उभा लावलाय, मान दुखायची थांबली.

टिळकवाडीची
काका, बजेट शून्य.

कॅम्पातला काका
दुकानदार ओळखीचा आहे, हप्त्यानं देतो.

निपाणी_लिनक्स
माणसानं वाचायची यादी स्क्रिप्टला देताच कशाला? गिट स्टेटसला (बदललेल्या फायली सांगणारी कमांड) पोर्सेलिन पर्याय आहे, त्याचा साचा आवृत्ती बदलली तरी हलत नाही. व्ही२ साचा २०१६ साली २.११ मध्ये आला. आता गंमत बघा, गिटमध्ये पोर्सेलिन म्हणजे माणसांसमोरचा भाग, प्लंबिंग म्हणजे आतले नळ. आणि मशीनसाठीच्या पर्यायाला नाव पोर्सेलिन! नाव ठेवणाऱ्याला कुंदा द्या.

वडगावचा
पोर्सेलिन लिहिणाऱ्या स्क्रिप्टसाठी म्हणून ते नाव. चूक काय त्यात?

निपाणी_लिनक्स
चूक कोण म्हणालं? विचित्र म्हणालो.

शहापूरची
मुद्द्यावर या की. मराठी नावं आहेत म्हटलंय ना? गिट मूळ सेटिंगमध्ये 'क' हे अक्षर \३४०\२४४\२२५ असं दाखवतं. कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की नीट दिसतं. आणि रकाने! 'निपाणी' वाचताना अक्षरं ३, कोडपॉइंट (काना-वेलांटी सुटी धरून) ६, बाइट (साठवायला लागणारी जागा) १८. पोरानं रुंदी कशावरून मोजली ते विचार. बाइट मोजले असतील तर इंग्रजी नावं सरळ आणि मराठी ओळी तिरक्या. कन्नड नावांचंपण तेच. मी तिन्ही लिप्यांच्या नावांची फाईल करून टूल चालवते, ५ मिनिटांत कळतं.

अनगोळकर
रंग बघा, फाईलमध्ये कोड जातात.

खानापूरवाला
तेच मी वर सांगितलंय.

वडगावचा
४०० ओळींतल्या निम्म्या नुसत्या जागा सरकवलेल्या असतील. डिफला (जुन्या-नव्यातला फरक दाखवणारी कमांड) डब्ल्यू पर्याय लावून बघा, मोकळ्या जागांचे बदल गळतात. तरी मी असतो तर परत पाठवला असता, दोन तुकडे करून आण म्हणून.

टिळकवाडीची
सगळ्यांचे आभार. डब्ल्यू लावल्यावर ४०० च्या १३० ओळी उरल्या. रुंदी बाइटवरूनच मोजली होती, शहापूरच्या ताईंचं खरं निघालं. रंगाचं खानापूरवाल्यांचं खरं. तरी परत पाठवला नाही. रंग बंद केले, रकाने काढून मध्ये टॅब ठेवला आणि मर्ज केला (मुख्य कोडमध्ये घेतला). यादी वाचणाऱ्या बाई ती छापून घेतात, त्यांना तेवढं पुरतं.

निपाणी_लिनक्स
नावात टॅब आला तर?

टिळकवाडीची
ड्रॉइंगच्या नावात टॅब कोण घालतंय हो?

वडगावचा
आमच्याकडे घातलेला.

कॅम्पातला काका
मॉनिटरचं काय ठरलं?