स्पिक्यूलचं चुंबकक्षेत्र: हीलियम १०८३० मधून एक आकडा निघत नाही

प्रश्न
शांत सूर्याच्या कडेबाहेर ३ आर्कसेकंदांवर, कडेला समांतर वर्णपटमापकाची फट ठेवून हीलियमच्या १०८३० आँगस्ट्रॉम रेषेत स्पिक्यूलांचे (कडेवर उसळणाऱ्या वायूच्या बारीक फवाऱ्यांचे) स्टोक्स वर्णपट (प्रकाशाची तीव्रता आणि ध्रुवण सांगणारे आय, क्यू, यू, व्ही) घेतलेत. क्यू (यूसारखंच रेषीय ध्रुवण) स्वच्छ आहे, व्ही (वर्तुळाकार ध्रुवण) मात्र गोंगाटात बुडालेला. 'हेझेल'मधून (वर्णपटांवरून चुंबकक्षेत्र काढणारा प्रोग्राम) काढलं तर क्षेत्र कधी ५ गाऊस येतं, कधी ८०, आणि वक्र दोन्ही वेळा तितकाच छान जुळतो. कोणता आकडा धरावा?

उत्तर १
एकही नाही. या रेषेत साधारण १० गाऊसच्या पुढे हान्ले परिणाम (चुंबकक्षेत्रामुळे विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणात होणारा बदल) संपृक्त होतो. मग क्यू आणि यू क्षेत्राची दिशा सांगतात, तीव्रता नाही. तीव्रतेसाठी झीमन परिणाम (क्षेत्रामुळे रेषेचं फाटणं), म्हणजे व्ही, लागणारच.

हिशेब करून बघा. लान्डे गुणक (रेषा क्षेत्राला किती संवेदनशील ते) दीड धरला तर गाऊसमागे रेषा सुमारे ०.००००८ आँगस्ट्रॉम सरकते. डॉप्लर रुंदी (अणूंच्या हालचालीमुळे येणारी रेषेची रुंदी) अर्धा आँगस्ट्रॉम असेल, तर दृष्टिरेषेतल्या २० गाऊसला व्ही रेषेच्या शिखराच्या जेमतेम ०.२८ टक्के भरतो. गोंगाट ०.०५ टक्क्यांवर आणायला, चारही स्टोक्स समतोल मोजताना, पिक्सेलमागे १.२ कोटी इलेक्ट्रॉन हवेत. आधी फटीच्या लांबीत आणि वेळेत बेरीज करा, मगच हेझेल चालवा.

उत्तर २
बेरीज करा, पण बेतानं. स्पिक्यूल काही मिनिटांत विरतं, आणि कडेवर एकाच दृष्टिरेषेत अनेक स्पिक्यूल एकामागे एक येतात. उलटसुलट दिशांचे व्ही एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून हाती येतं ते किमान मूल्य समजा. २००५ मध्ये त्रुहियो ब्वेनो आणि सहकाऱ्यांना २००० किमी उंचीवर सुमारे १० गाऊस मिळाले, २०१० मध्ये सेंतेनो आणि सहकाऱ्यांना काही ठिकाणी ५० पर्यंत.

व्ही खरा आहे ना, तेही तपासा. झीमनचा व्ही रेषेच्या मध्याभोवती प्रतिसममित असतो, एक कुबड वर आणि एक खाली. तो क्यूसारखाच एकाच कुबडाचा दिसला तर क्यूची गळती व्हीत झालेली आहे. ध्रुवणमापकाचं कॅलिब्रेशन परत करा.

उत्तर ३
हेझेलला उंची किती दिलीत? ३ आर्कसेकंद म्हणजे जवळपास २२०० किमी. उंचीवरून प्रकाशाची असमदिकता (कोणत्या दिशेनं किती प्रकाश येतो यातला फरक) ठरते, आणि तिच्यावर शून्य क्षेत्रातला क्यू. उंची चुकली की तो फरक प्रोग्राम हान्लेच्या खात्यावर टाकतो. कडेबाहेर अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सला (हवेची थरथर दुरुस्त करणारी यंत्रणा) पकडायला कणिका (सूर्यपृष्ठावरचे दाणे) मिळत नाहीत, म्हणून फट सरकते. प्रत्येक फ्रेमची उंची फटीच्या कॅमेऱ्यातल्या कडेवरून काढा.

शिवाय क्षेत्राच्या दिशेत १८० अंशांची संदिग्धता (वेगळ्या दिशांना तोच वर्णपट) आहेच, आणि व्हॅन व्लेकची ९० अंशांचीही. सुरुवातीचे कोन बदलून परत चालवा, जुळणारी सगळी उत्तरं मांडा.