वाळू चाळणारा मासा: डायमंड गोबी घ्यावा की नको?

खारट_राजारामपुरी
२४० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा टँक, वय साडेचार महिने. दोन क्लाउन मासे, आणि कोरलमध्ये थोडे झोआ, मशरूम, एक लेदर. तळाला बारीक अ‍ॅरॅगोनाइट वाळू, साधारण दोन इंच. या वाळूनं वैताग आणलाय. रविवारी सायफन मारून पांढरी करतो, बुधवारपर्यंत वर तपकिरी साय धरलेली. मागच्या आठवड्यात पुण्याला गेलो होतो, तिथं दुकानात डायमंड गोबी बघितला. पांढरट अंगावर नारंगी ठिपके. नुसता तोंडात वाळू भरतोय आणि कल्ल्यातनं सोडतोय. पोरगी काचेला नाक लावून अर्धा तास हलली नाही. दुकानदार म्हणाला, आठ दिवसांत वाळू साखरेसारखी करतो. घेऊ का? बायकोचं म्हणणं, घरात झाडू मारायला माणूस मिळेना आणि हा माशांच्या घरात झाडूवाला ठेवतोय.

पंचगंगेकाठ
घे भावा, डोळे झाकून घे. माझ्याकडं दोन वर्षं आहे. वाळूवर डाग म्हणून दिसत नाही. सकाळी लाईट लागली की हा कामावर, संध्याकाळी बिळात. सायफन मी विसरलोच.

गडहिंग्लज_रीफ
घेऊ नका. दुकानदारानं अर्धंच सांगितलं.
गोबी वाळू आपल्यासाठी चाळत नाही, पोटासाठी चाळतो. गुऱ्हाळातला चरक बघितलाय ना? एका बाजूनं ऊस जातो, दुसरीकडनं चिपाड पडतं. गोबीचं तेच. वाळूतले बारीक किडे, कोपेपॉड वगैरे तो गिळतो, वाळू कल्ल्यातनं बाहेर. साडेचार महिन्यांच्या टँकमध्ये असा ऊस किती असणार? महिना-दीड महिन्यात संपला की चरक रिकामा फिरतो. वाळू पांढरीशुभ्र दिसते, आपण खूश, आणि मासा रोज थोडा थोडा वाळतो. मी दोन घालवलेत असे. पहिल्याच्या वेळी मला वाटलं आजारी होता. दुसऱ्याच्या वेळी कळलं.

पंचगंगेकाठ
दादा, ती चूक माशाची का मालकाची? पैलवानाला तालमीत ठेवून खुराक बंद केला तर तो बी वाळणारच की. मी दिवसातनं दोनदा मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक गोठवलेले जीव देतो, वितळवून, जाड पिपेटनं थेट वाळूवर. वरवर टाकलं तर क्लाउन संपवतात, याच्यापर्यंत काही येत नाही. पहिले पंधरा दिवस तोंड लावत नव्हता, हे कबूल. मग लागला. आता पिपेट दिसली की बिळातनं बाहेर येतो.

गडहिंग्लज_रीफ
रोज दोनदा, वाळूवर. आता हिशोब करा. वाळू घाण होते म्हणून मासा आणायचा, आणि मासा जगावा म्हणून त्याच वाळूवर दिवसाला दोनदा खाणं ओतायचं. नायट्रेट, फॉस्फेट वाढणार ते वेगळंच. हा कुठला झाडूवाला?

पंचगंगेकाठ
पाण्यातली घाण फेसातनं काढणारा स्किमर कशासाठी लावलाय मग? शोभेला?

रंकाळ्याचा_वारा
दोघं भांडा निवांत, पण एक सांगून ठेवतो. गोबी गोबीत फरक आहे. सोनेरी डोक्याचा स्लीपर गोबी, व्हॅलेन्सिएनिया स्ट्रिगाटा, तो तर अजिबात नको. तोंडात वाळू भरून वर पोहत येतो आणि खडकांवर, कोरलवर पाऊस पाडतो. माझे झोआ आठवडाभर मिटूनच होते. डायमंड, म्हणजे प्युएलारिस, बहुतेक तळाशीच काम करतो, तरी खाली ठेवलेल्या मशरूमवर ढीग पडणारच. मशरूम वर सरकव.
दुसरं, खडक वाळूवर टेकवलेत की काचेवर? वाळूवर असतील तर हा खालनं बीळ काढतो आणि एक दिवस सगळी रचना खाली बसते.
तिसरं, झाकण. हा उडी मारतो. माझा फरशीवर वाळलेला सापडला, कपाटामागं. चार दिवस मी त्याला बिळात समजत होतो.

नवखा_खारा
गोबीऐवजी वाळूतला स्टारफिश चालेल का? आणि सोबत एखादा दगडी कोरल पण घ्यावा म्हणतोय, ओळखीतनं मिळतोय.

रंकाळ्याचा_वारा
स्टारफिश गोबीपेक्षा वाईट. वाळूतलं सगळं जिवंत फस्त करतो आणि मग उपाशी मरतो, तेही वाळूखाली, कळत पण नाही. नासारियस गोगलगायी बघ त्यापेक्षा. आणि ओळखीतला दगडी कोरल विसर. रीफ बांधणारे सगळे कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत. त्या भानगडीत पडू नको.

गडहिंग्लज_रीफ
नासारियस उरलेलं खाणं खातात, वाळू वरखाली करतात, पण तपकिरी साय खात नाहीत. ते पण सांगा त्याला.
धागा काढणाऱ्या साहेबांना माझा एकच प्रश्न. टँकला पाणी कुठलं?

खारट_राजारामपुरी
आरओचंच. स्वयंपाकघरात भिंतीवर आहे त्याचं.

गडहिंग्लज_रीफ
तरीच!
पिण्याच्या बहुतेक आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाणी अगदी सपक लागू नये म्हणून मेम्ब्रेनमधनं न गेलेलं थोडं पाणी मुद्दाम परत मिसळतात. प्यायला चांगलं, रीफला नाही. नव्या टँकमध्ये वाळूवर तपकिरी साय येते ती बहुतेक वेळा डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची. डायटमचं कवच सिलिकाचं असतं. तुम्ही दर आठवड्याला पाणी बदलताना त्यांना सिलिकेट घरपोच देताय. आरओपुढं डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरणारं फिल्टर लागतं, आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. रेझिन संपत आलं की आधी सिलिकेटच निसटतं, म्हणून २-३ दिसायला लागलं तरी बदलायचं. मीटर आहे का?

खारट_राजारामपुरी
शेजाऱ्यांकडनं आणला. ६४.

रंकाळ्याचा_वारा
😂 आणि आपण सकाळपासनं माशावर भांडतोय.

पंचगंगेकाठ
बरं, पाण्याचं मान्य. पण गोबीनं वाळू हलती राहते हे खोटं का? डायटम गेले तरी उद्या पाण्याचा फ्लो कमी पडतो त्या कोपऱ्यात लाल सायनो, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर धरणार. तेव्हा?

गडहिंग्लज_रीफ
तेव्हा वेव्हमेकरचं, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडं फिरवायचं. फुकट आहे. त्याला मायसिस पण लागत नाही.

खारट_राजारामपुरी
दोघांचं ऐकून एवढं कळलं की वाळू साफ करायला गोबीची गरज नाही. डीआय कार्ट्रिज मागवलं, बायको खूश, झाडूवाल्याचा विषय मिटला असं तिला वाटतंय. पण पोरीनं त्याचं नाव ठेवलंय हो. 'चाळण'. रोज विचारते चाळण कधी येणार. नुसता आवडला म्हणून घेतला तर?

गडहिंग्लज_रीफ
मग प्रश्नच वेगळा. पण आता नको. टँकला वर्ष होऊ दे, खडकांत, वाळूत किडे वाढू देत.

पंचगंगेकाठ
वर्ष कशाला? खाणं देणार असशील तर सहा महिने पुरे. मी सातव्या महिन्यात आणला.

गडहिंग्लज_रीफ
दुपारचं खाणं कोण देणार ते आधी ठरवा. रात्री कामावरनं येऊन एकदा टाकलं, असं नाही चालत. दुकानातनं घेताना वरनं पोट बघा. दोन्ही बाजूंनी आत गेलेलं असेल तर कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, तो सहसा परत येत नाही. आणि तुमच्यासमोर मायसिस खाऊन दाखवू दे. नाही खाल्लं तर पोरीला घेऊन परत या.

खारट_राजारामपुरी
दुपारी आई घरी असते, ती देईल म्हणते. फक्त फ्रीजमध्ये भाजीशेजारी ते किडे नकोत, वेगळा डबा आण म्हणाली. खडक काचेवरच आहेत, आत्ताच हात घालून बघितलं. झाकणाला डासांची जाळी बसवतोय, मापं घेऊन लक्ष्मीपुरीत निघालो.

रंकाळ्याचा_वारा
वायर जाते त्या कोपऱ्यात फट ठेवू नको. माझा तिथनंच गेला.