थ्रेशरच्या धुळीनंतर रात्री दोनला परत दम, असं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. भाचा अकरा वर्षांचा, अ‍ॅलर्जीचा दमा आहे. परवा वावरात सोयाबीनला थ्रेशर लावला होता, पोरगं कुटाराच्या ढिगाजवळ खेळत होतं. संध्याकाळी सहाला शिंका, खोकला, छातीत सूं सूं. निळा पंप स्पेसरमधून दिला, अर्ध्या तासात मोकळा झाला, जेवून झोपला. रात्री दोनला पुन्हा तेच, आणि या वेळी पंपाला दाद नाही. मोटरसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेलं, तिथे वाफ दिली.

रात्री घरात धूळ नव्हती, मग हा झटका आला कुठून? शिवाय डॉक्टर म्हणतात तपकिरी पंप रोज घ्या, बरं असलं तरी. माझी माय म्हणते, "चांगल्या पोट्ट्याले कायले पंपाची सवय लावता?" तिला सांगू काय, मलाच उमजलेलं नाही. रिपोर्टमध्ये आयजीई ८४० आलंय. "पेशींचे सिग्नल" असं काहीतरी डॉक्टर बोलले, पण बाहेर ही रांग होती.

प्रतिसाद:
मी डॉक्टर नाही, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. औषधाचं त्यांनाच विचारा. पंपाने फरक पडेना म्हणून थांबला नाहीत, हे फार बरं केलंत.

रात्रीचा झटका बहुधा संध्याकाळीच सुरू झाला होता. श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी, आधीच चिकटून बसलेली असते. ओळखीची धूळ आली की काही मिनिटांत या पेशी हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन सोडतात, नळीचे स्नायू आवळतात. निळा पंप ते स्नायू सैल करतो, बस्स. पण तेवढ्यात बाकीच्या पेशींना सांगावा गेलेला असतो. टी-हेल्पर-२ या पांढऱ्या पेशी जी सांगाव्याची रसायनं सोडतात, ती इंटरल्युकिन. त्यातलं इंटरल्युकिन-५ सूज आणणाऱ्या इओसिनोफिल पेशींना वाढवतं, जगवतं. इंटरल्युकिन-१३ चिकट कफ करतं. इंटरल्युकिन-४ मुळे नवी आयजीई तयार होते. ही मंडळी जमायला चार ते आठ तास लागतात. तुमचे सहा ते दोन मोजा. आता नळी आतून सुजलेली, आणि सूज निळ्या पंपाने उतरत नाही. तपकिरीतलं स्टेरॉइड हे सांगावे तयार करणारी जनुकंच दाबून ठेवतं. त्याला वेळ लागतो, म्हणून रोज. आईंना सांगा, ही सवय नव्हे, राखण आहे. घेतल्यावर चूळ मात्र भरायला लावा.

८४० ने घाबरू नका. ही यंत्रणा मुळात जंतांशी लढणारी, त्यामुळे जंत असले तरी आकडा चढतो. शेवटची जंताची गोळी कधी दिली होती?

सोयाबीनवर शंका घ्यायला जागा आहे. बार्सिलोनात १९८१ ते १९८७ दरम्यान ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम दवाखान्यात यायचे. शोध घेतला तेव्हा कळलं, त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं. टरफलाची धूळ! कोठाराला फिल्टर बसवले आणि साथी थांबल्या. तेव्हा थ्रेशर चालू असताना पोराला वाऱ्याच्या दिशेलाही नको.

धागाकर्ता:
ताई, सहा ते दोन मोजले. बरोबर आठ! मायले सांगितलं, तर म्हणते, "मंग दुधासंगंच देत जा पंप." जंताची गोळी ऑगस्टमध्ये शाळेत वाटली होती, नेमका त्या दिवशी हा घरी होता. ते उद्या डॉक्टरांना सांगतो. शेजारच्या वावरातली सोंगणी अजून बाकी आहे, तोवर पोरगं मामीच्या माहेरी.