त्रास नाही, तरी मेंदूवर परिणाम होतो

"बीपी १५० असतं, पण त्रास काहीच नाही, मग गोळी कशाला?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मेंदूत खोलवर अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, मार्ग अरुंद होतो आणि तिथल्या पांढऱ्या भागाला रक्त कमी पडतं. एमआरआयत डाग दिसतात, दुखत मात्र काही नाही. माझ्या बाबांची आधी चाल मंदावली, मग पासबुकाचा हिशेब जमेना. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं, याचं आजही वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' चाचणीत ९,३६१ जण होते, मधुमेही वगळून. वरचा दाब १२० च्या खाली ठेवायचं लक्ष्य असलेल्या गटात स्मरण-आकलनातली सौम्य घट १४० च्या खाली ठेवायचं लक्ष्य असलेल्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळली (२०१९). डिमेन्शियाबाबत (स्मृतिभ्रंशाबाबत) मात्र फरक ठोस नव्हता.

मधुमेह, तंबाखू, घोरताना श्वास अडकणं यांची भर पडली तर धोका वाढतो. झोपेतही दाब उतरत नसेल तर तेही वाईट, आणि दवाखान्यात एकदा मोजून ते कळत नाही. डॉक्टरांना २४ तासांच्या मोजणीबद्दल विचाराच, आणि तोवर गोळी स्वतःहून बंद करू नका.