मदत हवी आहे: बिग सर मॅरेथॉन, वय ५३, हातात सहा तास

टेकडीकर

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलच्या शेवटच्या रविवारी कॅलिफोर्नियात बिग सर मॅरेथॉन पळायचा घाट घातलाय. मुलगा सॅन होजेला असतो. त्याने गंमत म्हणून माझं नाव सोडतीत टाकलं आणि ते लागलं. घराच्या सोडतीत जन्मात कधी नंबर लागला नाही, इथे पहिल्याच फटक्यात. पैसे भरले, तिकिटं काढली आणि आता रात्री झोप येत नाही. आमच्या घरी या प्रकरणाला 'मोठे सर' असं नाव पडलंय. 'मोठ्या सरांनी गृहपाठ दिलाय वाटतं आज', हे बायकोचं वाक्य मी पहाटे साडेचारला बुटाची नाडी बांधताना ऐकतो.

माझी माहिती: राहणार कोथरूड, आठ वर्षं पळतोय. आजवर तीन फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटरच्या), तिन्ही मुंबईच्या. त्यातल्या त्यात बरी म्हणजे गेल्या महिन्यातली, ५ तास २२ मिनिटं. किलोमीटरला ७:३८ पडले. टेकडी मात्र रोजची, वेताळ किंवा हनुमान.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ही शर्यत १९८६ पासून होते. समुद्राच्या काठाने जाणारा हायवे १ त्या सकाळी गाड्यांना बंद ठेवतात. बिग सरच्या रेडवुडच्या झाडीतून निघायचं आणि उत्तरेला कार्मेल गावात पोचायचं. झाडी संपली की डाव्या हाताला पॅसिफिक. अर्ध्यावर बिक्सबी पूल लागतो, १९३२ साली बांधलेला, आणि तिथे एक माणूस चक्क ग्रँड पियानो वाजवत बसलेला असतो. व्हिडिओ बघून बघून पाठ झालाय.

आता अडचण. ज्याला विचारावं तो एकच ऐकवतो, 'अरे, तिथे घड्याळ काढून ठेव, निसर्ग बघत पळ.' हे सांगणारे आमच्या ग्रुपमधले सगळे चार तासांत संपवणारे आहेत. त्यांना निसर्ग परवडतो. मला सहा तासांची मर्यादा आहे, म्हणजे किलोमीटरला ८:३२. हिशेबाने माझ्याकडे ३८ मिनिटं शिल्लक दिसतात, पण ती सपाटीवरची. तिथे १६ ते १९ किलोमीटरच्या दरम्यान हरिकेन पॉइंटचा सलग चढ आहे, जवळजवळ ५०० फुटांचा, आणि शेवटी कार्मेल हायलँड्सला परत चढउतार. नावातच हरिकेन असल्यावर वाऱ्याबद्दल वेगळं काय विचारायचं?

तरी विचारतोच. प्रत्यक्ष पळलेलं कुणी इथे आहे का? सपाटीपेक्षा किती वेळ जास्त धरावा? पुण्यात मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात सराव करून तिथल्या थंड वाऱ्यात माझं काय होईल? आणि बायको आणि मुलगा रस्त्यात कुठे उभे राहू शकतात? बायकोला पुलावर उभं राहून माझा फोटो काढायचाय.

पेठी

आठ वर्षांत तीन फुल आणि तीनही मुंबईच्या. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून आहे हो, कोथरूडहून तर चालत जाता येतं. असो. समुद्र नाही ना आमच्याकडे.

बाकी माहिती शून्य, धागा वाचतोय.

कुंदकळी

टेकडीकर काका, मी पळले आहे. एकदा पूर्ण मार्गावर आणि एकदा अर्धवट नशिबाने, ते शेवटी सांगते.

आधी वेळ. माझी सपाटीवरची ४:५० होती, बिग सरला ५:०९ लागले. म्हणजे १९ मिनिटं वाढली, आणि मी फोटोला फक्त दोनदा थांबले होते. तुमच्या ५:२२ मध्ये तेवढी मिळवली तर ५:४१ होतात, उरतात १९ मिनिटं. काठावर आहात, पण बाहेर नाही.

माझी चूक झाली ती सुरुवातीला. पहिले आठेक किलोमीटर झाडीतून उतार आहे. गारवा, उंच उंच झाडं, पाय आपोआप पळतात. मी किलोमीटरला अर्धा मिनिट जास्त जोरात गेले आणि मनात म्हटलं, चला, चढासाठी वेळ जमा झाला. काहीही जमा होत नाही हो. झाडी संपते, उजवीकडे कुरणं, गाई, डावीकडे लांबवर पॉइंट सुरचं दीपगृह दिसतं आणि वारा थेट तोंडावर येतो. आपण उत्तरेला जातो आणि तिथला नेहमीचा वारा वायव्येकडून येतो, त्यामुळे पाठीवर वारा मिळायची आशा ठेवू नका. छातीवरचा बिब नंबर चार पिनांनी नीट लावा, माझा वरच्या दोन पिनांवर होता आणि सगळा वेळ हनुवटीला फडफडत होता.

चढाच्या पायथ्याशी तायकोवाले असतात, जपानी ढोल. आधी छातीत ऐकू येतात, मग कानात. लक्ष्मी रोडवर विसर्जनाची मिरवणूक बघितलेल्या माणसाला ते नवीन नाही, पण मला तिथे, एवढ्या लांब, एकदम भरून आलं. तिथे जोशात येऊन चढ पळायला घेऊ नका, मी घेतला होता. सव्वातीन किलोमीटर आहे तो, मध्ये एका वळणावर वाटतं की संपला, आणि संपलेला नसतो.

माथ्यावरून पुलापर्यंत चांगलाच उतार आहे, मांड्यांची खरी वाट तिथे लागते. पियानो पुलाच्या पलीकडच्या टोकाला असतो. वारा समोरून, त्यामुळे मी पुलावर पाय ठेवायच्या आधीच सूर येत होते, तुटक तुटक, मध्येच गायब. फोटो तिथे काढाच. अर्धा मिनिट लागतो. १९ मिनिटांतला अर्धा.

पण काकूंना पुलावर उभं राहता येणार नाही. रस्ता बंद असतो, घरच्यांना वाटेत येऊ देत नाहीत. त्यांनी कार्मेलला शेवटच्या टप्प्यापाशी थांबावं. किंवा त्याच सकाळी ५ किलोमीटरही असते, चालायची ठरवली तर त्यांनाही काहीतरी करायला मिळेल.

कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट म्हणजे रस्ता तिरका आहे. वळणावळणाचा हायवे, गाड्यांसाठी वळणांवर एका बाजूला कललेला. एकाच कडेने पळालात तर एक पाय सतत खाली पडतो. माझ्या डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू ३० किलोमीटरनंतर बोलायला लागली. रस्ता अख्खा आपलाच असतो, तेव्हा जिथे सपाट दिसेल तिथून पळा, बहुतेक ठिकाणी ते मधल्या पट्ट्यांच्या आसपास असतं.

३७ किलोमीटरच्या आसपास हायलँड्सला स्ट्रॉबेऱ्या वाटतात. तोपर्यंत एनर्जी जेल (ताकदीसाठीचा गोड पाक) खाऊन खाऊन तोंडाची चव गेलेली असते. मी तीन घेतल्या, एक खाली पडली, ती उचलायला वाकावं की नाही यावर मी खरंच विचार केला. वाकले असते तर उठले नसते.

आता ते नशिबाचं. २०२४ ला मी परत नाव घातलं होतं. मार्चच्या शेवटी रॉकी क्रीकपाशी हायवेची एक बाजू समुद्रात कोसळली. शर्यत झाली, पण कार्मेलहून निघून परत कार्मेललाच, पूल नाही, हरिकेन पॉइंटचा चढ नाही. २०११ मध्येही रस्ता खचून असंच झालं होतं. वरंधा किंवा आंबेनळी घाट पावसाळ्यात जे करतात तेच हा रस्ता करतो. तेव्हा मनाची तयारी ठेवा, काकूंना पूल आदल्या आठवड्यातच गाडीने दाखवून घ्या.

घाटवाला

कुंदकळी ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे. मी बिग सर बघितलेलं नाही, पण सातारा हिल हाफ (घाटातली अर्धमॅरेथॉन) पाच वेळा केली आहे आणि चढावर लोक कसे संपतात ते जवळून बघितलंय. यवतेश्वरचा घाट चढताना जे धापा टाकतात ते नव्हे, जे उतरताना सुसाट सुटतात ते शेवटी रस्त्याच्या कडेला मांडी चोळत बसलेले असतात.

टेकडीकर, टेकडीवर तुम्ही चढता, पण उतरताना दगड बघत सावकाश उतरत असणार. डांबरावरचा उतार पायाला वेगळा. बोपदेव घाट करा. खडी मशीन चौकातून निघा, येवलेवाडीवरून घाट चढा, माथ्यावर दोन मिनिटं, आणि उतरताना मुद्दाम बारीक पावलं टाकत पळत या. हरिकेन पॉइंटपेक्षा हा जास्त उभा आहे, म्हणजे तिथे उलट बरं वाटेल. दर दुसऱ्या रविवारी. अंधारात एकटे जाऊ नका, घाट सुनसान असतो.

चढाचं गणित: तो सव्वातीन किलोमीटर नुसता चाललात, अगदी झपाझप, तरी ३५ मिनिटं. तुमच्या मर्यादेच्या वेगाने तिथे २७-२८ व्हायला हवीत. म्हणजे एका चढात सात-आठ मिनिटं गेली. त्याऐवजी शंभर पावलं पळणं, तीस चालणं. मोजत राहायचं, वर बघायचंच नाही.

उन्हाळ्याची चिंता करू नका. पुण्याच्या एप्रिलमध्ये ३० किलोमीटर काढणाऱ्या माणसाला ८-१० अंशांत पळणं म्हणजे बक्षीस आहे. तहान लागणार नाही, म्हणून पाणी प्यायचं विसराल, तेवढं सांभाळा. वाऱ्याचा सराव मात्र पुण्यात पहाटे होणं अवघड, झाडाचं पान हलत नाही. फार हौस असेल तर चाळकेवाडीच्या पठारावर जा, तिथे पवनचक्क्या उगाच नाही लावलेल्या. नाहीतर शर्यतीत आपल्या वेगाचा एखादा रुंद खांद्याचा माणूस शोधा आणि त्याच्या मागे राहा.

पेठी

रुंद खांद्याच्या माणसाच्या मागे राहून पॅसिफिक कसा दिसणार?

घाटवाला

डावीकडे मान वळवून.

टेकडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कुंदकळी, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. पुलावर उभं राहता येणार नाही याचं तिला वाईट वाटलं, पण ५ किलोमीटरचं ऐकल्यावर आज संध्याकाळी माझे जुने बूट घालून बघत होती.

काल बोपदेव केला, आम्ही चौघे. एकूण २४ किलोमीटर. चढ शंभर-तीसच्या हिशेबाने गेला, दोनदा मोजणी चुकली, दोन्ही वेळा फायदा मीच माझ्या पदरात पाडून घेतला हे मान्य करतो. वर चहा घेतला. उतरताना पहिला किलोमीटर मजेत. मग एका वळणावर थांबलो तर मांड्या उभ्या जागी थरथरत होत्या, पॅन्टवरून दिसत होतं. आठ वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणजे घाटवाले म्हणतात ते खरं, उतरणं मला येतच नाही.

घरी आल्यावर बूट उलटे करून बघितले. डाव्या बुटाची बाहेरची कड उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेली. मी रोज आमच्या गल्लीतून एकाच कडेने पळतो, आणि गल्लीचं पाणी वाहून जायला रस्ता कडेला उतरता केलेला आहे. कॅलिफोर्नियाला जायच्या आधीच माझा हायवे १ सुरू झाला होता म्हणायचा. उद्यापासून जाताना रस्त्याच्या ज्या कडेने, येतानाही त्याच कडेने, म्हणजे परतताना दुसरा पाय खाली पडेल.

अजून दोन शंका. तिथले बोर्ड मैलांचे असतात का? आणि पहाटे बसने सुरुवातीच्या जागी नेऊन सोडतात म्हणे, तिथे थंडीत किती वेळ बसावं लागतं?

कुंदकळी

बोर्ड मैलांचे. घड्याळ आठवडाभर आधीच मैलांवर टाका आणि एकच आकडा लक्षात ठेवा, १३:४४. प्रत्येक मैल त्याच्या आत. किलोमीटरमध्ये रूपांतर करत बसलात तर ३० नंतर डोकं चालत नाही.

बस पहाटे चारच्या सुमाराला निघतात, शर्यत पावणेसातला. रस्ता एकच, त्यामुळे सगळ्यांना आधी पोचवावं लागतं. दीड-दोन तास उघड्यावर बसायची तयारी ठेवा. काळोख, दव, आणि शौचालयाची रांग. पोचल्या पोचल्या रांगेत उभे राहा, गरज नसली तरी, पुढे येईपर्यंत गरज येते. बसायला प्लॅस्टिकची पिशवी न्या. हातमोजे हवेतच, माझी बोटं इतकी आखडली होती की पहिलं जेल दातांनी फोडलं.

वरून जुना जाड स्वेटर घाला. सुरुवात झाली की लोक तिथेच काढून टाकतात, ते कपडे नंतर गोळा करून गरजूंना देतात. आणि पदक मातीचं असतं, भाजलेलं, चामड्याच्या दोरीत. सामानात कपड्यांत गुंडाळून आणा.

टेकडीकर

स्वेटरवरून घरात वाद झाला आहे. माझ्याकडे जाड स्वेटर एकच, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बायकोने विणलेला. तो कॅलिफोर्नियाच्या जंगलात फेकून यायचा विचार मी फक्त मोठ्याने बोलून दाखवला होता. पुण्यात टाकून देण्याजोगा स्वेटर आत्ता मार्चमध्ये कुठे मिळेल? दुकानात कुणी दाखवायला तयार नाही.

पेठी

अखेर माझ्या आवाक्यातला प्रश्न आला. जुना बाजार, बुधवार किंवा रविवार. रविवारी बोपदेव उतरून तसेच घामेजलेले जा. त्या अवतारात स्वेटर मागणाऱ्या माणसाशी भावावरून कुणी फार घासाघीस करणार नाही.